नवी वेबसाइट हवी, पण कशासाठी? कोल्हापूरच्या एका फाउंड्रीचं प्रकरण

पार्श्वभूमी

आम्ही वेबसाइट करून देतो. कोल्हापूरजवळच्या एका एमआयडीसीतली ही फाउंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना, आमची ग्राहक. ओळख पटू नये म्हणून नावं गाळली आहेत, काही तपशील बदलले आहेत.

ऑइल इंजिनांच्या धंद्याबरोबर कोल्हापुरात ओतकामाचा धंदा वाढला. उद्यमनगरातल्या शेडमध्ये सुरुवात केलेली कितीतरी घरं पुढं शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले या वसाहतींत गेली. पंप, ट्रॅक्टर, मोटारींचे ओतीव भाग इथून पुण्याला, बेंगळुरूला जातात. या फाउंड्रीचे मालकही याच वाटेनं आलेले. थोरल्या मालकांनी कोकवर लोखंड वितळवणाऱ्या कपोला भट्टीवर धंदा उभा केला, नंतर विजेवरची इंडक्शन फर्नेस घेतली. मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर. पुण्यात काही वर्षं नोकरी करून घरच्या धंद्यात परतलेला.

पहिला फोन मुलाचाच आला. जुनी वेबसाइट कालबाह्य झाली आहे, नवी करायची आहे, कोटेशन पाठवा. सोबत एका मोठ्या उद्योगसमूहाच्या साइटची लिंक होती आणि खाली पानांची यादी: होम पेजवर ड्रोनचा व्हिडिओ, चेअरमनचा संदेश, व्हिजन-मिशन, इन्फ्रास्ट्रक्चर, सीएसआर (कंपनीचं समाजकार्य), करिअर, गॅलरी. वेबसाइट करून देणाऱ्या कुणालाही अशी यादी ओळखीची वाटेल. त्यावरून पानं मोजून दर लावता येतो आणि संध्याकाळपर्यंत कोटेशन जातं. आम्ही कोटेशन पाठवलं नाही. एक प्रश्न विचारून भेटीची वेळ मागितली: ही साइट झाल्यावर तुमच्या कारखान्यात नेमकं काय बदललेलं हवं?

अडचण

पहिल्या बैठकीला दोघंही होते. उत्तर लगेच आलं, "नवीन कस्टमर." आमच्या कामात हे उत्तर जवळजवळ प्रत्येक जण देतो आणि ते खरंही असतं. पण त्यावरून पहिल्या पानावर काय लिहायचं हे ठरत नाही.

थोरल्या मालकांचा मुळात विश्वासच नव्हता. "आमच्या लाइनीत वेबसाइट बघून कोण माल देतंय? माणूस येतो, शॉप (कारखान्यातली कामाची जागा) बघतो, सॅम्पल घेतो, मग ऑर्डर." मग साइट हवी कशाला, असं विचारल्यावर म्हणाले, "बँकेचे साहेब येतात, मोठ्या कंपनीचे लोक येतात. चारचौघांत बरं दिसायला पायजे की." मुलाच्या डोक्यात निर्यात होती. जर्मनीच्या प्रदर्शनाला जाऊन आलेल्या मित्राकडून त्यानं बरंच ऐकलं होतं.

आम्ही वर्क्स मॅनेजरना आणि ऑफिस सांभाळणाऱ्या ताईंना वेगळं भेटायची परवानगी मागितली. वेगळं अशासाठी की मालकांसमोर बसून कुणी वेगळं बोलत नाही. वर्क्स मॅनेजर म्हणाले, "साहेब, एक-एक पीसवाल्या इन्क्वायऱ्या बंद होतील असं काहीतरी करा." एका लिस्टिंग पोर्टलवर फाउंड्रीची पैसे भरून नोंदणी होती. तिथून मॅनहोलची झाकणं, जिमची वजनं, जुन्या मशीनचा तुटलेला एकच पार्ट अशा मागण्या यायच्या. प्रत्येक फोन शेवटी त्यांच्याकडं यायचा.

म्हणजे एकाच कारखान्यातल्या तीन माणसांना तीन वेगवेगळ्या साइट हव्या होत्या. चेअरमनच्या संदेशाचं पान त्यांतल्या एकाच्याच कामाचं होतं.

जुन्या साइटनंही मदत केली नाही. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, ती साइट करून देणाऱ्याच्याच नावावर होतं आणि पासवर्ड कुणाकडं नव्हता. साइटवर गुगलचं जुनं अ‍ॅनालिटिक्स बसवलेलं होतं. ते गुगलनं १ जुलै २०२३ पासून बंद केलं, तेव्हापासून आकडा एकही नाही. कोण येतं, काय बघतं, काहीच हाती नव्हतं.

चौकशीची वही

या प्रकरणाला वळण दिलं ते ताईंच्या वहीनं. आलेली प्रत्येक चौकशी त्या एका लांब वहीत लिहून ठेवत. तारीख, पार्टीचं नाव, गाव, कास्टिंगचं (ओतीव भागाचं) वजन, मटेरियल, ड्रॉइंग आलं की नाही, रेट कधी पाठवला, पुढं काय झालं. शेवटच्या रकान्यात लाल पेनानं एकेक शब्द: "नाही", "उत्तर नाही", "महाग", क्वचित "ऑर्डर".

आम्ही त्यांच्या शेजारी बसून मागच्या दोन वर्षांची पानं वाचली. "ऑर्डर" लिहिलेल्या जवळजवळ प्रत्येक ओळीत ड्रॉइंगच्या रकान्यात "आलं" होतं. ज्यांनी नुसता फोन करून "किलोचा रेट काय?" विचारलं, त्यांच्यातलं काहीच पुढं गेलेलं नव्हतं. आणि चौकशी आल्यापासून रेट जाईपर्यंत बरेच दिवस गेलेले दिसत होते. ताईंनी कारण सांगितलं. "पहिल्या फोनला वजन विचारते, मग वर्क्स मॅनेजर म्हणतात ग्रेड कुठला, तो विचारते. मग मशिनिंग (यंत्रावर कापून-घासून) करून पाहिजे का रफ, ते विचारायचं राहतं. पॅटर्न (साचा बनवायचा नमुना) त्यांचं का आपण करायचं, हे शेवटी निघतं."

बाहेरच्या माणसाला यात काय मोठं, असं वाटेल. पण एफजी २६० आणि एसजी ५००/७ हे ओतीव लोखंडाचे वेगवेगळे ग्रेड आहेत. पहिला ग्रे आयर्न, किमान २६० मेगापास्कल ताण सोसणारा. दुसरा एसजी आयर्न, किमान ५०० मेगापास्कल सोसणारा आणि तुटण्याआधी किमान सात टक्के लांबणारा. दोन्हींचं मेल्टिंग वेगळं, रेट वेगळा. ग्रेड कळल्याशिवाय रेट काढायलाच बसता येत नाही.

मग वर्क्स मॅनेजर आम्हाला शॉपवर घेऊन गेले. एका बाजूला हँड मोल्डिंग, म्हणजे हातानं साचे बनवणं, चाललेलं, मोठे बॉक्स, माणसांची वर्दळ. दुसऱ्या बाजूला नवीन मशीन मोल्डिंगची लाइन, आणि ती त्या दुपारी बंद. "लाइनला लोड नाही," ते म्हणाले. लहान कास्टिंगसाठी कर्ज काढून घेतलेली ही लाइन एका शिफ्टलाही पुरती चालत नव्हती. हँड मोल्डिंग मात्र दोन जुन्या ग्राहकांच्या कामानं भरलेलं, तिथं नवीन काम घ्यायला जागाच नव्हती.

पहिल्या बैठकीत या लाइनचा उल्लेखही झाला नव्हता. लपवायचं म्हणून नव्हे. वेबसाइट म्हणजे कंपनीचं नाव आणि इमारतीचे फोटो अशी समजूत असली की कर्जाचा हप्ता आणि रिकामी शिफ्ट हे विषय त्या बैठकीत निघतच नाहीत. ते काढायचे तर डिझायनरनं शॉपवर जायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

नकाराचा प्रश्न

दुसऱ्या बैठकीत आम्ही दोघांना विचारलं, "समजा साइट चालू झाली आणि सोमवारी सकाळी दहा इन्क्वायऱ्या आल्या. त्यातल्या कुठल्या नाकाराल?"

काय हवं हे विचारलं की सगळेच "सगळं" म्हणतात. काय नको हे विचारलं की धंदा उघडा पडतो. इथंही तेच झालं. मोठ्या वजनाचं कास्टिंग? थोरले मालक म्हणाले, "आत्ता नको, जागा नाही." एकदाच लागणारा माल? "नको, पॅटर्नचा खर्च निघत नाही." लांबच्या राज्यातला? मुलगा म्हणाला, "वाहतुकीत रेट बसत नाही, कोइंबतूर, राजकोटवाले तिथं जवळ पडतात." निर्यात? इथं बापलेकांत थोडं वाजलं. मुलगा म्हणाला, हवी. वडील म्हणाले, "आधी हितली लाइन भरू दे, मग जर्मनी." शेवटी मुलानंच कबूल केलं की परदेशी ग्राहकाला लागणारी कागदपत्रं आणि पॅकिंग यांची तयारी अजून नाही.

नाकारायच्या गोष्टी बाजूला काढल्यावर उरलं ते असं: मशीन लाइनवर बसणारी लहान कास्टिंग, वर्षभर रिपीट होणारी, पुणे, बेळगाव आणि बेंगळुरूच्या पट्ट्यातली, ड्रॉइंगसह आलेली.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय यादीप्रमाणं साइट करून देण्याचा. ग्राहक खूश, आमचं बिल मोठं, काम ठरलेलं. पण सीएसआरचं पान भरायला मजकूरच नव्हता आणि लाइनचा प्रश्न होता तिथंच राहिला असता.

दुसरा पर्याय साइट न करण्याचा, आणि आम्ही तो मनापासून मांडला. डोमेन ताब्यात घ्या, गुगलवरची नोंद नीट करा, पोर्टलवरचं वर्णन बदला आणि क्षमतेची माहिती असलेलं दोन पानी पीडीएफ तयार करा. खर्च किरकोळ. थोरल्या मालकांना हा पर्याय आवडला. त्यातली उणीव अशी की नवीन ग्राहकाचा खरेदी विभाग नाव ऐकल्यावर शोधतो तेव्हा त्याला काहीच सापडलं नसतं.

तिसरा, एकाच उद्दिष्टाची लहान साइट. चौथा, निर्यातीची साइट, जी बैठकीतच मागं पडली.

दुसऱ्या आणि तिसऱ्यात निवड करण्याआधी आम्ही मालकांकडून त्यांच्या जुन्या ग्राहकांपैकी दोन खरेदी अधिकाऱ्यांचे नंबर मागितले. मालक जरा कचरले. ग्राहकाला असले फोन कसे करायचे? मुलानं आधी स्वतः बोलून घेतलं, म्हणून ते जमलं. दोघांनाही विचारलं की नवीन फाउंड्रीचं नाव कानावर आलं तर भेटीला जाण्याआधी काय तपासता. उत्तरं जवळपास सारखी होती. महिन्याची मेल्टिंग क्षमता, मोल्ड बॉक्सचा (साच्याच्या चौकटीचा) मोठ्यात मोठा साइझ, कुठले ग्रेड, धातूतले घटक तपासणारा स्पेक्ट्रोमीटर स्वतःचा आहे की बाहेरून तपासून आणतात, गुणवत्तेचं सर्टिफिकेट आयएसओ ९००१ चं (सर्वसाधारण) की आयएटीएफ १६९४९ चं (मोटार उद्योगाचं) आणि त्याची मुदत कधीपर्यंत. त्यातले एक जण म्हणाले, "हे एका पानावर मिळालं तर व्हिजिट लावतो. नाही मिळालं तर यादीतलं पुढचं नाव."

त्यानंतर तिसरा पर्याय घेण्यात कुणाला शंका उरली नाही. दुसऱ्यातली कामं त्यातच आली.

पैशाचा विषय

मध्येच एक निर्णय आमच्या बाजूचाही होता. या भेटी, वही वाचणं, फोन, यांचे पैसे कसे घ्यायचे? "बोलण्याचे पैसे?" असा प्रश्न इथं प्रत्येक व्यावसायिक विचारतो, आणि तो रास्त आहे, कारण हातात काही मिळालेलं नसतं. आम्ही या टप्प्याचं वेगळं, लहान बिल ठरवलं. त्या बदल्यात उद्दिष्टांचं लेखी पान द्यायचं, आणि ते ग्राहकाच्या मालकीचं. पुढची साइट दुसऱ्या कुणाकडून करून घेतली तरी ते पान त्याला देता येईल. ही अट ऐकल्यावर थोरले मालक तयार झाले. ड्रॉइंग आपलं, मग फाउंड्री कुठलीही असो, हे त्यांच्या धंद्यातलंच गणित होतं.

काय केलं

उद्दिष्टाचं पान एकच, मराठीत. वर एक वाक्य: मशीन मोल्डिंग लाइनसाठी, ठरलेल्या वजनाच्या आतल्या, रिपीट होणाऱ्या कास्टिंगच्या ड्रॉइंगसह चौकशा मिळवणं. खाली साइट काय करणार नाही याची यादी, आणि यश कशानं मोजायचं ते. भेट देणाऱ्यांची संख्या मोजायची नाही असं ठरलं. मोजायचं ते इतकंच: महिन्याला ड्रॉइंगसह किती चौकशा आल्या आणि रेट जायला किती दिवस लागले. दोन्ही आकडे ताईंच्या वहीतूनच निघत होते. पानावर बापलेकांनी सह्या केल्या. या सह्या पुढं फार उपयोगी पडल्या.

साइट इंग्रजीत झाली, कारण वाचणारा खरेदी विभाग आहे. पहिल्याच पानावर क्षमतेचा तक्ता. व्हिडिओ नाही, तो पान जड करतो आणि बऱ्याच कंपन्यांच्या ऑफिसातल्या नेटवर्कवर उघडतही नाही. चौकशीच्या फॉर्ममध्ये ताई तीन-चार फोन करून विचारत ते सगळे प्रश्न आले: ग्रेड, एका नगाचं वजन, वर्षाची संख्या, रफ की मशिनिंग करून, पॅटर्न कुणाचं. वर एक साधी ओळ, की एक-दोन नगांचं काम घेतलं जात नाही.

ड्रॉइंगवर मात्र बरीच चर्चा झाली. फॉर्ममध्येच फाइल जोडायची सोय ठेवावी असा आमचा विचार होता. मुलानं अडवलं. पुण्यात नोकरी करताना त्यानं पाहिलं होतं, कंपनीचं ड्रॉइंग कुठल्याही साइटवर चढवायला कर्मचाऱ्यांना मनाई असते; गुप्ततेचा करार झाल्याशिवाय ते बाहेर जात नाही. म्हणून दोन वाटा ठेवल्या. फाइल जोडा, किंवा "ड्रॉइंग करारानंतर पाठवू" यावर खूण करा. दुसरी खूण आली की ताई त्याच दिवशी कराराचा मसुदा ईमेलनं पाठवतात. ईमेलही आता कंपनीच्या डोमेनवर आला. डोमेन परत मिळवायला मात्र जुन्या माणसाशी बरीच ये-जा करावी लागली.

फोटोंच्या वेळी वेगळंच निघालं. फोटोग्राफरनं शॉपवरच्या तयार मालाचे सुरेख फोटो काढले आणि प्रत्येक कास्टिंगवर ग्राहकाचा लोगो आणि पार्ट नंबर ओतलेला दिसत होता. ते लावले असते तर जुने ग्राहक दुखावले असते. वर्क्स मॅनेजरनी मग खुणा नसलेली सॅम्पल कास्टिंग शोधून काढली, आणि भागांची नावं प्रकारानं लिहिली: पंप हाउसिंग, ब्रॅकेट, बेअरिंग कॅप.

चेअरमनच्या संदेशाचा प्रश्न आला तेव्हा सह्यांचं पान टेबलावर ठेवलं. थोरले मालक वाचून गप्प बसले. त्यांचा आग्रह नुसता हौसेचा मात्र नव्हता. खरेदी अधिकाऱ्यांपैकी एकानं सांगितलंच होतं, की फाउंड्री किती जुनी आहे आणि मालक स्वतः शॉपवर असतो का, हे तो बघतो. म्हणून संदेशाचं पान न करता कंपनीच्या माहितीत कपोला भट्टीपासूनचा प्रवास एका परिच्छेदात आला, आणि तिथं मालकांचा जुन्या शेडमधला फोटो लागला.

करिअरचं पान गाळलं. मोल्डर (साचे बनवणारे कामगार) हवे होतेच, पण ते वेबसाइट बघून येत नाहीत. गेटवरचा फलक आणि व्हॉट्सअॅप त्यासाठी पुरेसे होते.

निकाल

चौकशांची एकूण संख्या घटली. सुरुवातीला यानं मालक अस्वस्थ झाले, "फोनच बंद झाले की." वही उघडून दाखवल्यावर लक्षात आलं की ड्रॉइंगसह येणाऱ्या चौकशा वाढल्या आहेत आणि "उत्तर नाही" कमी झालं आहे. पोर्टलच्या नोंदणीचं पुढं त्यांनी नूतनीकरण केलं नाही.

सर्वांत चांगली बातमी कुणाच्या हिशोबात नव्हती. हँड मोल्डिंगचं काम देणाऱ्या जुन्या ग्राहकाच्या खरेदी विभागानं नव्या साइटवर मशीन लाइनचा तक्ता पाहिला आणि फोन केला, "हे पण करता तुम्ही?" लहान कास्टिंग ते दुसरीकडून घेत होते. सॅम्पल पास झाल्यावर त्यातला काही भाग इकडं वळला. एक नवीन ग्राहकही आला. ऑर्डर साइटमुळं मिळाली असं म्हणणं बरोबर नाही. ती शॉप, सॅम्पल आणि रेट यांनी मिळाली. साइटनं माणसाला गेटपर्यंत आणलं. लाइन आता एक शिफ्ट भरून चालते, दुसरी शिफ्ट अजून नाही.

एक अडचण नव्यानं वर आली. पूर्ण माहितीसह चौकशी येऊ लागली तरी रेट काढणारा माणूस एकच. तो लग्नसराईत सुट्टीवर गेला तेव्हा चांगल्या चौकशा टेबलावर पडून राहिल्या. हे काम आता मुलगा शिकतो आहे.

वेगळं काय करता येईल

रेट काढणाऱ्याला पहिल्या आठवड्यातच बैठकीला घ्यायला हवं. साइट जे काम वाढवते ते ज्याच्या टेबलावर जाऊन पडतं, तो माणूस उद्दिष्ट ठरताना हजर असला पाहिजे. तसंच, जुन्या ग्राहकांना साइट तयार झाल्याचं रीतसर कळवण्याची योजना आधीपासून हवी होती. इथं एका ग्राहकानं आपणहून पाहिलं. बाकीच्यांना ईमेल नंतर गेलं. नवीन कस्टमर म्हणत असताना हातातल्या कस्टमरला आपण काय-काय करतो ते माहीत आहे का, हा प्रश्न आम्ही आता पहिल्या भेटीतच विचारतो.

क्रमही बदलता येईल. खरेदी अधिकाऱ्यांशी बोलणं पर्यायांच्या टप्प्यावर झालं. ते वहीच्या आधी झालं असतं तर बापलेकांतला निर्यातीचा वाद कदाचित लवकर मिटला असता. पण ग्राहकाचे ग्राहक पहिल्याच भेटीत मागितले तर मिळतात असंही नाही. तेवढा विश्वास शॉपवर जाऊन आल्यावरच बसला.

दुसरी शिफ्ट भरली की उद्दिष्टाचं पान नव्यानं लिहायचं असं ठरलं आहे. तेव्हा विषय निर्यातीचा असेल. मुलाला त्यासाठी चार उत्तरं तयार ठेवायला सांगितली आहेत: कुठल्या देशाचं मानक पाळायचं, पॅकिंग आणि गंज रोखण्याचा खर्च कोण सोसणार, इंग्रजीत तांत्रिक पत्रव्यवहार रोज कोण करणार, आणि कुठल्या निर्यात चौकशा नाकारायच्या.